रानात उगवलेलं झाड ओळखायचं कसं, आणि उपटायचं कधी

तुमची अडचण थोडक्यात अशी: घरामागे एकरभर जुनं रान आहे. पाऊस पडला की मोठ्या झाडांखाली कमरेपर्यंत झाडोरा माजतो. त्यातलं तण कोणतं आणि रानाचं आपलं कोणतं हे उमगत नाही. मोबाइलमधलं ॲप एकाच झाडाला रोज नवं नाव देतं, आणि कामाला येणारी माणसं म्हणतात की सगळं सरसकट कापून जागा मोकळी करू. सोबत तुम्ही तीन झाडांचं वर्णन दिलंय: एक उग्र वासाचं, त्रिकोणी पानांचं झुडूप, एक मोठ्या खरखरीत पानांचं, चौकोनी खोडाचं रोप, आणि एक वेल, जिच्या पानांची टोकं गुंडाळलेली आहेत.

आधी एक विनंती करते. या पावसाळ्यात सरसकट काही कापू देऊ नका. मी हे काम नुकतं शिकत होते तेव्हा अशाच एका रानाच्या तुकड्यातलं तण काढायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवसांत कोयत्यानं जमीन लख्ख केली. तिसऱ्या दिवशी ढीग उचलताना एक काडी हातात आली. पानं जवळजवळ समोरासमोर. सहज पान उलटं केलं, तर देठाजवळ मधल्या शिरेवर दोन बारीक गाठी. ऐनाचं रोप होतं ते. मग तो सगळा ढीग मी एकेक काडी करून उपसला. ऐनाची आणखी रोपं निघाली, कुड्याची निघाली. त्या जुन्या रानाची पुढची पिढीच मी कापून टाकली होती. आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती घाणेरी जमिनीत बुडख्यासकट शाबूत होती. महिन्याभरात तिला चहूबाजूंनी फूट आली. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: ज्याचं नाव सांगता येत नाही त्याला हात लावायचा नाही.

आता ओळखण्याबद्दल. बहुतेक जण फुलापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. फूल वर्षातून थोडे दिवस असतं, रोपाला तर वर्षानुवर्षं नसतं. पान खोडाला कसं जोडलंय हे मात्र रोप वीतभर असल्यापासून दिसतं. म्हणून नजर आधी पेरावर न्यायची, जिथून पान फुटतं तिथे. पानं एकाआड एक आहेत, समोरासमोर जोडीनं आहेत, की सप्तपर्णीसारखी एकाच पेराभोवती गोल मांडलेली आहेत? एवढ्या एका प्रश्नानं निम्म्याहून जास्त शक्यता गळून पडतात. शेंड्याची कोवळी पानं पाहून हे ठरवू नका, तिथे सगळी दाटीनं असतात. चार बोटं खाली येऊन बघा.

दुसरा प्रश्न, हे पान एकटं आहे की संयुक्त? चिंचेसारख्या पानात आपण ज्याला एक पान म्हणतो ती खरं तर एका मोठ्या पानाची छोटी पर्णिका असते. खूण अशी की खऱ्या पानाच्या बेचक्यात डोळा, म्हणजे नव्या फुटीची कळी, असतो, पर्णिकेच्या बेचक्यात नसतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर भुईआवळा शोधा, हमखास सापडेल. त्याची फांदी बघितली की कोणीही शपथेवर सांगेल की हे चिंचेसारखं संयुक्त पान आहे. ती फांदी उलटी करा. प्रत्येक इवल्या पानाच्या बेचक्यातून एक हिरवं फळ लोंबतंय, मोहरीपेक्षा थोडं मोठं. फळ येतं ते फुलातून आणि फूल येतं ते खऱ्या पानाच्या बेचक्यातून. म्हणजे ती इवली पानं प्रत्येकी एकेक पूर्ण पान आहेत, आणि तुम्ही ज्याला पान समजत होता ती डहाळी आहे. मोठ्या आवळ्याचंही असंच. हे एकदा दिसलं की सुबाभूळ आणि आवळ्याच्या रोपात पुन्हा गोंधळ होत नाही.

मग हात लावून बघायचं. खोड बोटांत फिरवा. लव्हाळ्याचं खोड तिधारी लागतं, गवताचं गोल आणि पेरापेरांचं. न बघताही हा फरक कळतो. खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि चोळल्यावर वास, असं जमलं तर तुळशीचं कुळ मनात आणा. पण तिथे थांबू नका, कारण घाणेरीचंही खोड चौकोनी असतं आणि तिलाही वास असतो. घाणेरीच्या खोडावर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंगठा हलकेच खालून वर फिरवला की ते अडकतात.

तुमचं दुसरं रोप इथेच येतं. चौकोनी कोवळं खोड, समोरासमोर मोठी खरखरीत पानं. वासाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. शेंड्याचं अगदी कोवळं पान घ्या आणि बोटांत जोरानं चोळा. बोटं रक्तासारखी लाल झाली तर तो साग आहे. ही खूण मी लहान मुलांना सगळ्यात आधी दाखवते. एकदा पाहिलं की कोणी विसरत नाही. लाल रंग आला तर त्या रोपाशेजारी काठी रोवून ठेवा आणि काम करणाऱ्यांना ते दाखवून ठेवा.

पान तोडल्यावर चीक येतो का तेही बघायचं. पानं समोरासमोर आणि पांढरा चीक असेल तर कुड्याच्या, रुईच्या कुळाकडे वळा. एकाआड एक पानं, चीक, आणि शेंड्याजवळ खोडावर अंगठीसारखे गोल वण असतील तर वड-उंबराच्या गणगोतापैकी काहीतरी आहे. चीक मात्र जपून. रुईचा किंवा शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. बिब्ब्याचा रस कातडीवर फोड आणतो. त्याची पानं मोठी, एकाआड एक, आणि खालून फिकट, पांढुरकी असतात. अशी पानं दिसली की हातानं तोडून बघायचं नाही. अनोळखी झाडाचं पान मी दुसऱ्या पानात किंवा कागदात धरूनच मोडते, आणि रानात असताना हात डोळ्याकडे नेत नाही.

समोरासमोर पानं आहेत पण चीक नाही, वासही नाही, असं झालं की मी दोन देठांच्या मधली जागा बघते. तिथे खोडाला चिकटून एक छोटं त्रिकोणी पान, म्हणजे उपपर्ण, दिसलं तर ते कदंबाचं, गेळ्याचं, हेदूचं कुळ. ही खूण इतकी भरवशाची आहे की फूल न बघता मी कुळ सांगून मोकळी होते. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. भिंग वापरण्याची रीत बहुतेकांची चुकते: झाडापासून लांब धरून वाकून बघतात. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं.

तीन पानांचा घोटाळा थोडा विस्तारानं सांगते, कारण त्यात एक धोका आहे. बेल, पळस, पांगारा आणि खाजकुहिली या सगळ्यांना तीन-तीन पर्णिका असतात. बेलाचं पान उजेडासमोर धरा, सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील. लिंबाच्या कुळाची ती खूण. पळस, पांगारा आणि खाजकुहिली ही तिन्ही शेंगांच्या कुळातली, त्यांच्या देठाच्या तळाशी सुजल्यासारखी गाठ असते. त्यात पांगाऱ्याच्या खोडावर काटे असतात. पळसाचं रोप स्वतःच्या पायावर उभं राहतं, खाजकुहिली शेजाऱ्याला वेढे घालत चढते. पावसात तिची पानं निरुपद्रवी वाटतात. पण पुढे शेंगा धरतात, त्यांच्यावरची मखमली लव वाळते, आणि हलक्या धक्क्यानंही उडून अंगाला लागते. खाज अशी सुटते की माणूस कासावीस होतो. म्हणून तीन पर्णिकांचा वेल दिसला की तो कुठे आहे ते पावसातच लिहून ठेवा, आणि शेंगा वाळायच्या आधीच काय ते करा.

तुमचा तिसरा वेल वर्णनावरून कळलावी वाटतो. पानाचं टोकच लांब होऊन तणाव्यासारखं आधाराला गुंडाळतं, अशी रचना फार थोड्या झाडांत आहे. पुढे हिरवट-पिवळी, मग लाल होत जाणारी ज्वाळेसारखी फुलं आली की शंका उरणार नाही. ती रानाचीच आहे, राहू द्या. पण तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे विष असतं आणि ते जीव घेऊ शकतं. मुलांना दाखवून ठेवा. आणि एक गोष्ट आग्रहानं सांगते: रानातलं काहीही केवळ फोटोवरून किंवा ॲपवरून ओळखून तोंडात घालू नका. इथे शंभरातली एक चूकही परवडत नाही.

आता खरं तण. तुमचं पहिलं झुडूप रानमोडी असणार. समोरासमोर त्रिकोणी पानं, कडेला मोजके मोठे दाते, आणि पानाच्या तळापासून तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या निघतात. चोळल्यावर उग्र वास येतो. तिच्याशी गल्लत होते ती ओसाडीची. तिचीही पानं समोरासमोर, तिलाही वास. पण ओसाडी अंगानं मऊ, लवदार, कमरेच्या वर सहसा न जाणारी आणि वर्षात संपणारी आहे. पानाची कड बोथट दातांची असते. रानमोडीचं खोड लाकडी होतं आणि बुडखा वर्षानुवर्षं टिकतो. दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. रानमोडीची फुलं पांढुरकी-जांभळट, कुंचल्यासारखी. बियांना केसांचा झुबका असतो, त्यामुळे त्या वाऱ्यावर कुठेही जातात.

घाणेरी, रानमोडी आणि सुबाभूळ ही तिन्ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींची यादी केली आहे, तिच्यात ही तिन्ही आहेत. गाजर गवतही अमेरिकेतूनच आलेलं. त्याची चिरलेली पानं आणि बारीक पांढरी फुलं ओळखायला सोपी. ते दाट सावलीत फारसं टिकत नाही, रानाच्या कडेला आणि वाटांवर बघा. अंगाला लागलं तर अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते, तेव्हा हातमोजे घालून, फुलायच्या आधी उपटा.

रानमोडी उपटायची ती जमीन ओली असताना, मुळासकट, आणि फुलं यायच्या आधी. आपल्याकडे साधारण नोव्हेंबरपासून ती फुलायला लागते, त्यामुळे हातात मुदत थोडी आहे. बी धरल्यावर उपटली तर ओढत नेताना तुम्हीच पेरणी करता. घाणेरी वरून छाटून काहीच होत नाही. खोड आणि मुळं जिथं भेटतात तिथं, जमिनीखाली तीन-चार बोटं, पहारीनं किंवा टिकावानं तोडायचं, मग झुडूप उलटं करून मुळं वर ठेवायची म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. तिची फळं पिकून काळी-जांभळी झाली की पक्षी खातात आणि बी लांबवर टाकतात, म्हणून हेही फळं धरण्याआधी.

सगळी घाणेरी एकाच वर्षी काढू नका. तिच्या काटेरी जाळीत शिरून बघा, गुरांपासून वाचलेली रानझाडांची रोपं तिथेच सापडतात. मी आधी अशी रोपं शोधते, त्यांना चिंधी बांधते, मग भोवतालची जाळी मोकळी करते, थोडी एका वर्षी, थोडी पुढच्या. शिवाय घाणेरी आणि रानमोडी, दोघींना ऊन लागतं. वरचं छत फाटलं की त्या मुसंडी मारतात. जिथे काढाल तिथे सावली धरणारं काही उभं राहिलं नाही, तर दोन पावसाळ्यांत तुम्ही होता तिथेच परत याल.

उलट काही झाडं तणासारखी माजलेली दिसतात आणि ती तण नसतात. कारवीचं उदाहरण घ्या. सह्याद्रीच्या उतारावर ती डोक्याएवढी, दाट, दुसऱ्या कशालाही जागा न देणारी उभी असते. अनेक वर्षं फूल नाही, मग सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर जांभळा होतो, बी धरतं आणि झाड मरतं. मधल्या वर्षांत जो बघेल तो तिला तणच म्हणणार. रानाचा तळ मोकळा, झाडलेला असावा ही अपेक्षाच सोडून द्या. खालचा थर माती धरून ठेवतो आणि रोपांना सावली देतो.

ॲप वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरते. पण त्याला तुम्ही काय दाखवता यावर उत्तर ठरतं. वरून काढलेला हिरव्या गर्दीचा फोटो कोणालाच काही सांगत नाही. एका झाडाचे पाच फोटो काढा: पूर्ण झाड शेजारी हात धरून, पान खोडाला जुळतं ती जागा जवळून, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि असेल तर फूल बाजूनं. उत्तर आलं की नाव बघण्याआधी कुळ बघा. तीन नावं आली आणि तिन्ही एकाच कुळातली असतील तर ॲपनं तुम्हाला बरंच काही सांगितलंय. तिन्ही वेगवेगळ्या कुळांतली असतील तर त्यानं काहीच सांगितलेलं नाही. रोपांच्या बाबतीत त्याच्यावर फार विसंबू नका. रोपाची पहिली पानं मोठ्या झाडासारखी असतीलच असं नाही: ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रोपाला सुरुवातीला पिसासारखी संयुक्त पानं येतात, आणि मोठेपणी जी कोयतीसारखी लांब पानं दिसतात ती खरं तर रुंद झालेली देठं असतात.

नावांचं तर विचारूच नका. रानतुळस हे नाव दोन-तीन वेगळ्या झाडांना ऐकायला मिळतं, त्यातलं एक तर अमेरिकेतून आलेलं तण आहे. म्हणून तुमच्याकडची वडीलधारी माणसं जे नाव सांगतील ते लिहून घ्याच, ते मोलाचं आहे, पण त्याच्याबरोबर झाडाचा नमुनाही ठेवा. शास्त्रीय नावाची दोन शब्दांची पद्धत लिनियसनं 1753 मध्ये रूढ केली, ती याच गोंधळासाठी. तीही नावं अधूनमधून बदलतात. टाकळ्याचं जुनं नाव कॅसिया टोरा, आता सेना टोरा. रानमोडी आधी युपॅटोरियम होती, आता क्रोमोलिना आहे. जुन्या पुस्तकात वेगळं नाव दिसलं म्हणून घाबरू नका.

नमुना ठेवणं सोपं आहे. पान, पेर आणि शक्य तर फूल येईल अशी डहाळी वर्तमानपत्रात पसरायची, एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं, वर वजन ठेवायचं. पहिला आठवडा कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते. उन्हात वाळवायचं नाही. सुकल्यावर रंग आणि वास जातात, म्हणून फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची आणि तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा. जे झाड रानात एखाद-दुसरंच दिसतंय त्याचा नमुना घेऊ नका, फोटो पुरे.

आणि एक झाड एकदाच बघून भागत नाही. शेवळाचं आणि सुरणाचं फूल पावसाच्या तोंडावर जमिनीतून थेट वर येतं, तेव्हा पानाचा पत्ता नसतो. पुढे छत्रीसारखं पान येतं तेव्हा फूल संपलेलं असतं. ज्यानं एकदाच पाहिलं तो या दोन गोष्टी वेगळ्या झाडांच्या समजतो. पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसतं. म्हणून मी रानात सहा-सात ठिकाणं ठरवून घेते आणि महिन्यातून एकदा त्याच क्रमानं फिरते. हातात वही, आणि लाल दोऱ्याची रीळ.

तुम्हीही तेच करा. या आठवड्यात रानमोडी तेवढी उपटा, तिची ओळख पक्की झाली आहे. सागाची ती खूण तपासा. बाकी ज्या दहा झाडांची नावं सांगता येत नाहीत त्यांच्या खोडाला सैल दोरा बांधा, एक ते दहा क्रमांक घाला, आणि प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहा: पानांची मांडणी, खोड, वास, चीक. दिवाळीच्या सुमाराला त्याच दोऱ्यांपाशी परत जा. काहींना तोवर कळी किंवा फळ आलेलं असेल. ती वही आणि तेव्हाचे फोटो पाठवा, मग एकेकाचं नाव आपण मिळून लावू.